दर सहा मिनिटांनी आपोआप

…आणि वर मलाच सांगतात, "बघ, बघ, आपोआप फिरतंय!" आपोआप! तुम्हाला सांगते, हा शब्द ज्याने कुणी काढला ना, त्याला एक दिवस, एकच दिवस, माझ्या घरी आणून बसवा. अहो, घरात आपोआप काय होतं? दूध उतू जातं ते आपोआप. कोपऱ्यात जळमटं धरतात ती आपोआप. आणि पोरगी… तिला आत्ता कोरडं घालावं, पाठ फिरवावी, की ओली! आपोआप! म्हणजे सांडायचं, मळायचं, बिघडायचं ते सगळं आपोआप, आणि निस्तरायची वेळ आली की, "अगं ए, कुठे आहेस?" मी शिकले सातवीपर्यंत. विज्ञानातलं खरं काय ते आठवीत असतं म्हणे, आणि नेमकी आठवीच्या उंबऱ्यावरच माझी शाळा सुटली. पण न थांबणारं चाक या जगात होऊ शकत नाही, हे मला ज्या आठवड्यात कळलं ना, तसा आठवडा वैऱ्याच्या बायकोवरही येऊ नये!

आता आमचे हे करतात काय, ते आधी ऐका. बसडेपोत ब्रेक-फिटर! अकरा वर्षं झाली. दिवसभर बसखाली उताणे पडून लायनर बदलतात, चालती गाडी थांबली पाहिजे, एवढंच काम. आणि घरी आले की यांना वेड कसलं? कधीच न थांबणारं यंत्र करायचं! म्हणजे हलवायाने घरी येऊन उपास करावा तसं. मी एकदा विचारलं, "अहो, पण तुम्हाला हे सुचतं तरी कसं?" तर म्हणतात, "अकरा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या थांबवल्या गं. एक तरी गोष्ट अशी करावी की जी थांबायचीच नाही."  मी आपली चहा टाकायला उठले.

दोन वर्षांत सहा यंत्रं झाली. पहिलं पाण्याचं, वरून पाणी पडणार, त्याने चकरी फिरणार, चकरी तेच पाणी उचलून परत वर नेणार. पाणी पडलं, चकरी फिरली, आणि वर जाण्याऐवजी सगळं पाणी सासूबाईंच्या गादीखाली गेलं. मग लोहचुंबकाचं. ते फिरलं नाहीच, पण माझी सांडशी त्याला जी चिकटली ती चार दिवस सुटेना, मी फडक्याने भांडी उतरवली! प्रत्येक यंत्र मोडलं की हे असे कोपऱ्यात बसायचे, तोंड एवढंसं करून, ताटातलं चिवडत… आणि मला त्या यंत्राची नाही हो, त्या तोंडाची भीती वाटायची. माणूस आत आत कुठेतरी थांबत चाललाय, असं वाटायचं.

आणि मग आलं सातवं. चाक!

डेपोच्या भंगारातून एक जाडजूड लोखंडी चाक आणलं, चांगलं दोन्ही हातांनी उचलावं लागेल असं. लोखंडी घोड्यावर, म्हणजे स्टँडवर, बसवलं, नवीन बेअरिंग घातल्या. आणि त्या चाकाला कडेकडेने बारा काड्या लावल्या, बिजागरीवर हलणाऱ्या, प्रत्येक काडीच्या टोकाला एक जड नट. काड्या कुठल्या? माझ्या छत्रीच्या! मी म्हटलं, "अहो, पाऊस आला तर?" तर हे म्हणतात, "पावसाचं काय घेऊन बसलीस, हे बघ," आणि लागले समजवायला, डोळे असे मोठे करून, "उजवीकडे आली की काडी बाहेर पडते, लांब होते. डावीकडे गेली की दुमडते, जवळ येते. म्हणजे उजवी बाजू कायम जड! जड बाजू खाली जाणार की नाही? जाणार! ती खाली गेली की वरून पुढची काडी लांब पडणार की नाही? पडणार! म्हणजे? म्हणजे एकदा ढकललं की झालं! पुढे आपोआप!"

मला आपलं पटलं हो. सातवी ती सातवीच. मी मान हलवली.

आणि हे बसवलं कुठे? तर बाहेरच्या खोलीत, खिडकी आणि टिकलीचा पाळणा यांच्या मध्ये. टिकली म्हणजे आमची मुलगी, आठ महिन्यांची. ते चाक फिरलं की काड्या पडायच्या, टक्… टक्… टक्… आणि ती टकटक ऐकून टिकली पहिल्याच दिवशी अशी गाढ झोपली, की मी नाकापुढे बोट धरून बघितलं. हो, मी बघते! रोज बघते! आईचं काळीज आहे, त्यात काय हसायचं?

तर सोमवारी सकाळी आठला ह्यांनी चाकाला एक धक्का दिला, डबा उचलला, दारात उभं राहून बजावलं, "कुणीही हात लावायचा नाही! आई, तू पण नाही!" आणि गेले. मी घड्याळाकडे बघत उभी. मिनिट झालं, दोन झाली, चार झाली… सहाव्या मिनिटाला टकटक मंदावली, चाक जरासं मागे आलं, पुढे गेलं, आणि थांबलं. गुपचूप. आणि चाक थांबल्याबरोबर टिकलीने डोळे उघडले, आणि असा टाहो फोडला, असा टाहो… अहो गॅसवर दूध, बादलीत कपडे, आतमध्ये सासूबाईंच्या गुडघ्याला शेकायचं पाणी, मी काय करणार? दिला एक धक्का. टक्… टक्… पोरगी झोपली. सहा मिनिटांनी परत थांबलं, परत डोळे उघडले, परत धक्का. असं करत करत संध्याकाळचे सहा वाजले. हातात लाटणं असो की पोरीचा लंगोट, जाता येता एक धक्का, आणि खरं सांगते, मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. पाळण्याला झोका देतो तसंच ते. आपण काही लबाडी करतोय, हे माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं!

आणि सहाला हे आले. दार उघडलं. समोर चाक फिरतंय. डबा हातात तसाच, चपला पायात तशाच, आणि बघतायत… बघतायत… आणि तुम्हाला सांगते, ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं, दहा तास! दहा तास फिरतंय!" आणि मला म्हणतात, "बघ, आपोआप!"

मी तोंड उघडलं होतं हो! शपथेवर सांगते, उघडलं होतं! "अहो, त्याचं काय झालं…" एवढं ओठांवर आलं होतं. पण दोन वर्षांनी तो माणूस हसला होता. टिकलीला उचलून घरभर नाचला. मी म्हटलं, आज नको. उद्या सांगीन.

आणि मग त्यांनी काय केलं असेल? चाकाला ब्रेक बसवला! हो! जे सहा मिनिटांत स्वतःच्या पायांनी थांबतं, त्याला ब्रेक! "रात्री थांबवायला नको का? नाहीतर बेअरिंग झिजतील." रोज संध्याकाळी आले की मिनिटभर त्या चाकाकडे डोळे भरून बघायचे आणि मग हळूच ब्रेक दाबायचे, "दमलं असेल दिवसभर." आणि मी? मी आत ओट्याला टेकून उभी, खांदा चोळत! दमलं असेल म्हणे! चाक!

मंगळवारी म्हटलं, आज सांगू. पण मंगळवारी ते येताना माझ्यासाठी नवी छत्री घेऊन आले. आता छत्री हातात घेऊन कसं सांगणार? बुधवारी म्हटलं, आज नक्की. तर बुधवारी रात्रीचं जेवण दोनदा वाढून घेतलं ह्यांनी, दोन वर्षांत पहिल्यांदा. उद्या सांगीन. आणि तोवर माझी अवस्था काय झाली म्हणता? आंघोळ सहा मिनिटांत. कपडे पिळता पिळता पळत यायचं. दारात कुणी आलं तर माझं अर्धं लक्ष पाठीमागे, टकटक मंदावली का, मंदावली का…  स्वप्नात चाक! चाक थांबलंय आणि डेपोतल्या सगळ्या बस माझ्या खोलीत येऊन उभ्या राहिल्यात!

पण ढकलता ढकलता एक झालं हो. मी त्या चाकाकडे बघायला लागले. दुसरं करणार काय? आणि बघता बघता मला दिसायला लागलं. थांबलेल्या चाकाच्या काड्या मोजल्या मी. उजवीकडे लांब पडलेल्या किती? चार. आणि डावीकडे दुमडून बसलेल्या? आठ! अहो, ह्यांनी कायम लांबी बघितली, डोकी कुठे मोजली? बागेतल्या सीसॉवर एका टोकाला एक पोर बसलं आणि दुसऱ्या बाजूला मध्याच्या जवळ तेवढ्याच वजनाची दोन बसली, तरी फळी सरळ राहते की नाही? मग? उजवीकडचे चार लांबून ओढतायत, डावीकडचे आठ जवळून ओढतायत, बरोबरीची ओढाताण, जागचं कुणी हलत नाही. म्हणजे चाकाला स्वतःची अशी ताकद शून्य! फिरतंय ते फक्त मी दिलेल्या धक्क्यावर.

मग मी म्हटलं, बरं, स्वतःची ताकद नसेना, पण माझा धक्का तरी कुठे जातो? दिला तो दिला ना? मग सहा मिनिटांत संपतो कसा? तर हात लावून बघितला, चाकाच्या मधल्या दांड्याला. कोमट! पोरीच्या दुधासारखा कोमट. म्हणजे थोडा धक्का तिथे गेला. चाकासमोर उभी राहिले तर तोंडावर वारा. टिकलीचे लंगोट मी त्या वाऱ्यावर वाळवत होते की! म्हणजे थोडा धक्का लंगोट वाळवण्यात गेला. आणि ती टकटक? ती काय फुकट वाजते? प्रत्येक टक् म्हणजे एक चिमूट धक्का बाहेर. गळक्या कळशीने पाणी आणल्यासारखं आहे हो ते. भरलं होतं तेवढंच असतं, वाटेत थोडं थोडं गळतं, आणि घरी पोचेपर्यंत कळशी रिकामी. कळशी कितीही गुणाची असली तरी वाटेत आपली आपण भरत नाही! कुणीतरी परत विहिरीवर जावं लागतं. आणि ते कुणीतरी कोण असतं, हे मी सांगायला नको.

इतकं मला कळलं, आणि त्याच दिवशी, गुरुवारी, सगळं उलटंपालटं झालं!

गुरुवारी टिकलीला लस टोचायची होती. दवाखान्यात ही मोठी रांग. मी नर्सबाईंना म्हटलं, "बाई, जरा लवकर होईल का? घरी चाक आहे." नर्सबाई म्हणाल्या, "घरी सगळ्यांच्याच काही ना काही असतं, मागे उभ्या राहा." तीन तास! तीन तास मी त्या रांगेत जीव मुठीत धरून. घरी सासूबाई एकट्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, खुर्चीतून उठता येत नाही. म्हणजे चाक थांबलेलं असणार. आणि हे गुरुवारी कधीकधी दुपारचेच येतात. पळत पळत घर गाठलं, दार ढकललं…

चाक फिरतंय.

टक्… टक्… टक्…

अहो, अंगावर सर्रकन काटा आला! सासूबाई चाकाशेजारी खुर्चीत डोळे मिटून, मांडीवर पांघरूण, तोंड उघडं, गाढ. घरात दुसरं चिटपाखरू नाही. आणि चाक फिरतंय! मी मटकन खाली बसले. म्हटलं, म्हणजे खरंच? म्हणजे हे आपलं आपण फिरतं? मग मी चार दिवस काय ढकलत होते? माझ्या चार आणि आठचं काय? मला हसू यायला लागलं, मग रडू यायला लागलं. पोरीला लस टोचली आणि ताप मला आला!

पण शंका काही सुटेना. शुक्रवारी मी काय केलं, मोठ्याने म्हटलं, "आई, मी जरा खाली जाऊन येते हं!" दार आपटलं, आणि बाहेर गेलेच नाही. स्वयंपाकघराच्या पडद्यामागे उभी राहिले, श्वास धरून. सहा मिनिटं झाली. टकटक मंदावली. आणि तुम्हाला सांगते, सासूबाईंच्या पांघरुणाखालून, डोळे मिटलेले, घोरणं चालू, हळूच एक काठी बाहेर आली… पुढे पुढे गेली… चाकाला लागली… आणि दिला एक दणका! काठी परत पांघरुणात. घोरणं चालूच!

"आई!"

"कोण? कोण आहे? अगं, माशी हाकलत होते मी."

"माशी चाकावर बसली होती?"

"मग कुठे बसणार, खुर्चीत मी आहे ना!"

मी पडद्याबाहेर येऊन म्हटलं, "आणि मी चार दिवस धक्के देतेय ते?" त्या म्हणाल्या, "थांब. म्हणजे तूही?" मी म्हटलं, "म्हणजे तुम्हीही?" म्हणाल्या, "मी पहिल्या दिवसापासून. तू आत गेलीस की मी. मला वाटायचं, मी एकटीच पापी." मी म्हटलं, "अहो, मग चार दिवस सांगितलं का नाहीत?" तर डोळे पुसत म्हणतात, "लेकरू हसलं गं दोन वर्षांनी. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनलासुद्धा एवढं हसलं नव्हतं!"

आता काय करायचं? दोघींनी मिळून ठरवलं, आज संध्याकाळी सांगायचंच. मी सुरुवात करणार, त्या रडणार. असं वाटून घेतलं.

आणि संध्याकाळी हे आले, ब्रेक दाबला, खिशातून एक घडी केलेला कागद काढला, आणि म्हणाले, "आई, ऐक. अगं, तू पण ऐक. डेपोतल्या कारकुनाकडून लिहून आणलाय. राजीनामा."

राजीनामा!!

"सोमवारी देतो. आता असल्या नोकरीत दिवस कशाला घालवायचे? रविवारी हेडमिस्त्रींना बोलावलंय चाक दाखवायला. त्यांनी बघितलं की झालं. मग जग बघेल!"

 मी सासूबाईंकडे बघितलं, म्हटलं, आता रडा! तर त्या रडायचं विसरूनच गेल्या. माझ्या डोळ्यांपुढे काय काय आलं… ही दोन खोल्यांची जागा डेपोचीच. नोकरी गेली की घर गेलं. सासूबाईंच्या गुडघ्याचं औषध डेपोच्या दवाखान्यातून. आणि आठ महिन्यांची पोर! आणि हे सगळं कशावर उभं? माझ्या उजव्या खांद्यावर आणि सासूबाईंच्या काठीवर! बोलावं तर तो चेहरा मरतो. न बोलावं तर घर जातं. मी रात्रभर तेच दळण दळत बसले. शनिवारी… खोटं नाही सांगत… शनिवारीसुद्धा ढकललं. सवयीने हो!

रविवारी हेडमिस्त्री आले. धिप्पाड माणूस, खुर्चीत मावेना. ह्यांचे डेपोतले वरचे, पण बोलतात अगदी घरच्यासारखं. चहा दिला. ह्यांनी हात जोडून, "बघा साहेब," म्हणून चाकाला धक्का दिला आणि सगळे बसलो बघत. सगळे! म्हणजे ना मला जाता येता हात लावता येत, ना सासूबाईंची काठी बाहेर निघत. ती सहा मिनिटं, अहो ती सहा मिनिटं… बाळंतपण बरं! एक मिनिट. दोन. हेडमिस्त्री चहा फुंकतायत. तीन. हे सांगतायत, "सहा दिवस सलग, साहेब! रोज दहा तास!" चार. टकटक मंदावली. हे म्हणतात, "आता बघा, आता परत वेग घेईल." पाच. हे पुढे वाकले. "घेईल… घेईल…" सासूबाईंची काठी पांघरुणाखाली नुसती थरथरतेय, मी डोळ्यांनी दाबून धरलीय. सहा. चाक जरा मागे आलं, पुढे गेलं.

थांबलं.

टिकली उठली आणि रडायला लागली. दुसरं कुणी हललं नाही.

"आज… आज हवा दमट आहे," हे म्हणाले. परत धक्का दिला. परत सहा मिनिटं. परत थांबलं. आता मला वाटलं, बरं झालं, न बोलता उलगडलं, सुटलो! तर हे उठले, पाना घेतला, आणि काय म्हणतात? "कुठेतरी काल रात्री बिघडलंय. सहा दिवस चाललं म्हणजे चालतं हे नक्की! नुसता दोष शोधायचाय. उद्या राजीनामा दिला की पूर्ण वेळ ह्याच्यावरच बसतो!"

तेव्हा मात्र माझ्या तोंडातून निघालंच. "अहो, बिघडलं काही नाही. चालतच नव्हतं ते. मी ढकलत होते."

पाना हातात तसाच.

"मी पण," सासूबाई म्हणाल्या. काठी बाहेर काढून दाखवली.

 हेडमिस्त्रींनी कप खाली ठेवला आणि मला विचारलं, "म्हणजे वहिनी, धक्का दिला की हे फिरतं?"

"हो."

"आणि नाही दिला की थांबतं?"

"हो."

"याला आम्ही डेपोत चाक म्हणतो."

मग ते उठले, आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, अगदी हळू, "अरे, तू ब्रेकवाला ना? उतारावरून आलेल्या बसच्या ब्रेक-ड्रमला हात लावतोस का कधी? भाजतं. बसचं पळणं जातं कुठे? तिथे जातं. गरम होण्यात जातं. आणि एकदा गेलं की त्या गरम ड्रमने बस परत चढावर चढलेली बघितलीस कधी? तुझ्या ब्रेकला जे अकरा वर्षं कळतंय, ते तुला कळू नये?" आणि गेले.

मी उभी. आता काय बोलतील, आता काय फेकतील… नको नको ते मनात आलं. तर हे खालीच बसले जमिनीवर, आणि विचारलं काय, माहितीये?

"रोज किती वेळा ढकललंस?"

मी म्हटलं, "शंभरेक वेळा. अर्धे आईंचे."

 मग म्हणाले, "दमली असशील."

तुम्हाला सांगते, लग्नाला चार वर्षं झाली, हा शब्द मी माझ्यासाठी पहिल्यांदा ऐकला. तोही चाकाच्या कृपेने! आणि त्यांनी तो राजीनामा खिशातून काढला, चार तुकडे केले, आणि बादलीत टाकले. मी त्या रात्री कितीतरी दिवसांनी झोपले. पोरीच्या नाकापुढे एकदाच बोट धरलं.

सोमवारी हे कामावर गेले. वेळेवर! जाताना म्हणाले, "चाकाला आता हात लावू नकोस. थांबू दे. ते बघवत नसेल तर टिकलीला घेऊन बाहेर बस." आणि मी बसले हो! देवाशपथ, दिवसभर पोरीला मांडीवर घेऊन गॅलरीत बसले, तिथेच भाजी निवडली, तिथेच डाळ निवडली, चाकाचं तोंडसुद्धा बघितलं नाही. असं हलकं वाटत होतं…

संध्याकाळी सहाला हे आले. मी त्यांच्या मागोमाग आत गेले.

टक्… टक्… टक्…

"आई!!"

"मी नाही बाई," सासूबाई म्हणाल्या. डोळे मिटलेले.

आणि हे? हे माझ्याकडे वळले, तोंड असं उजळलेलं, "अगं, बघ! बघ! तू हात लावत होतीस ना, म्हणूनच ते बिघडत होतं! आज तू हात लावला नाहीस, तर बघ कसं, आपोआप!"

मी सासूबाईंच्या कानाशी वाकले, दातओठ खाऊन म्हटलं, "अहो आई, नोकरी जाईल!" तर त्या तशाच डोळे मिटून पुटपुटतात, "नोकरी जायची ती उद्या जाईल. लेकराचं तोंड उतरतं ते आज. माझ्याच्यानं नाही बघवत."

तेवढ्यात आतून ह्यांची हाक, कपाट उघडल्याचा आवाज, खण ओढल्याचा आवाज, "अगं ए, पेन कुठंय? या वेळी कारकुनाला नको, मीच लिहितो राजीनामा!"

मी ओट्यावरचं पेन उचललं आणि तांदळाच्या डब्यात खाली खोल दाबलं. आज त्याला सतरा दिवस झाले. हे रोज कामावरून येतात, चाकाला ब्रेक दाबतात, अर्धा तास पेन शोधतात, आणि दमून झोपतात. सकाळी उठून परत डेपोत. चाकाचं काय हो, ते कुणीतरी ढकलतंच… पण पेन! तुम्हाला सांगते, बायकोने शोधून दिल्याशिवाय पेन काही आपोआप सापडत नाही. त्यावर चाललंय आमचं घर.